नांगराच्या फाळातून उगवलेली मासिके

मासिकाचा जन्म कोठे व्हावा याविषयी वाचकांच्या मनात एक ठराविक चित्र असते. पुण्यामुंबईतील एखादा जुना वाडा, त्यात एक छापखाना, साहित्याची हौस असलेली चार मित्रमंडळी आणि पदरचे पैसे घालण्यास सिद्ध झालेला एक संपादक. मराठी नियतकालिकांचा इतिहास पाहिला तर हे चित्र बरेचसे खरेही आहे. परंतु ज्या तीन मासिकांनी विसाव्या शतकात मध्यमवर्गीय मराठी घरांच्या विचारांना वळण लावले, त्या 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' यांचे कूळ अगदी निराळे आहे. ते शोधावयाचे तर पुण्यास नव्हे, बेळगावास जावे लागते. आणि तेथेही छापखान्यात नव्हे, तर सायकलींच्या दुकानात आणि लोखंडी नांगरांच्या कारखान्यात!

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे किर्लोस्करांचे गाव. कन्नड मुलखातील या लहानशा गावाचे मराठीवर केवढे ऋण आहे! 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आणणारे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर येथेच १८४३ साली जन्मले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्मही येथलाच, १८६९ सालचा. लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही असे आढळून आले. रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. बंधू रामूअण्णा यांच्यासह चालविलेले सायकलींचे दुकान हा त्यांच्या उद्योगाचा आरंभ होय. आजही बेळगाव शहरातील एका रस्त्यास किर्लोस्करांचे नाव आहे.

दुकानाच्या जोडीला त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर. यंत्र उत्तम होते, जमिनीत खोलवर जाणारे होते. पण गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. वाडवडिलांच्या लाकडी नांगराने पोसलेली काळी आई लोखंडाच्या स्पर्शाने नासेल, ही ती भीती. तयार झालेले नांगर कारखान्यातच पडून राहिले.

किर्लोस्करांच्या पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली या प्रसंगात आहे. वस्तू चांगली असून भागत नाही. ती चांगली आहे हे लोकांना पटावे लागते. ज्याला नवी वस्तू विकावयाची आहे, त्याला आधी जुन्या समजुतीशी झगडावे लागते. हा झगडा हातोड्याने होत नाही, तो शब्दांनीच करावा लागतो. शेतकऱ्यावर रागावून उपयोग नव्हता. त्याच्या बांधावर जाऊन, त्याच्या भाषेत बोलून, नांगर चालवून दाखवून त्याचा विश्वास मिळविणे हाच एक मार्ग होता. तो मार्ग लांबचा होता, पण अखेर नांगर विकला जाऊ लागला.

कारखान्याचा जम बसू लागला, तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. नगरपालिकेला ती जमीन नव्या वसाहतीसाठी हवी होती. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. १९०९ साली गादीवर आलेला हा राजा स्वतः चित्रकार होता आणि कर्तृत्ववान माणसांची त्याला पारख होती. औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळचे एक माळरान त्याने लक्ष्मणरावांना देऊ केले. निवडुंगांनी भरलेल्या त्या उजाड माळावर १९१० साली वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. बेळगावने एक कारखाना गमावला आणि सध्याच्या सांगली जिल्ह्याला एक गाव लाभले.

या वाडीवर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर येऊन दाखल झाले. मराठी वाचक त्यांना 'शंवाकि' या नावाने ओळखतात. त्यांचा जन्म १८९१ चा, सोलापूरचा. ज्या चित्रकलेने काकांना दूर लोटले, ती पुतण्याला प्रसन्न होती. कारखान्यात त्यांच्याकडे जाहिरातीचे काम आले. चित्रकाराची नजर, चुरचुरीत लेखणी आणि व्यंगचित्र काढणारा हात, असा हा माणूस जाहिरातीच्या कामाला सापडला हे कारखान्याचे भाग्यच म्हटले पाहिजे. या कामातूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले.

नावाप्रमाणेच ती खबर होती. कारखान्याने कोणते नवे अवजार केले, ते कसे वापरावे, हे गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळविणे हा तिचा मूळ हेतू. परंतु शंकररावांच्या लवकरच ध्यानी आले की, अवजारांची माहिती वाचणारा माणूस आणखीही काही वाचू इच्छितो. धंद्यात पुढे आलेल्या माणसांनी काय केले? भांडवल नसताना उद्योग कसा उभारावा? मुलांना कोणते शिक्षण द्यावे? नोकरीखेरीज पोटापाण्याची दुसरी वाट नाही काय? अशा प्रश्नांची चर्चा सुरू झाली आणि कारखान्याचे पत्रक पाहता पाहता समाजाचे मासिक झाले. १९२९ मध्ये 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' एवढेच नाव उरले. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, 'स्त्री' निघाले आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'.

मासिके मराठीला नवी नव्हती. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ पासून विद्वानांची सेवा करीत होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १८९५ पासून गोष्टी-कवितांची गोडी लावली होती आणि १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथाही पाडली होती. ज्ञान होते, रंजनही होते. किर्लोस्करांनी त्यांत तिसऱ्या गोष्टीची भर घातली, ती म्हणजे उद्योग. माणसाने आपले दैव स्वतःच्या हातांनी घडवावे, हा विचार या मासिकांच्या पानापानांतून वाहत होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध १९३० नंतरच्या दशकात 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक सनातनी घरांत खळबळ उडाली. गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने एखाद्या व्यापाऱ्याने असे लेखन परत पाठविले असते. शंकररावांनी ते छापले.

एका लोखंडी कारखान्याला 'स्त्री' नावाचे मासिक काढण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर त्या न विकल्या गेलेल्या नांगरात आहे. लोखंडाने जमीन नासते, हा जसा एक समज होता, तसाच शिक्षणाने स्त्री बिघडते हाही एक समजच होता. पहिला मोडण्याची युक्ती ज्यांना साधली, त्यांना दुसऱ्याची भीती वाटली नाही. आणि युक्ती तीच होती. रागवावयाचे नाही, हिणवावयाचे नाही. घरात जाऊन, घरच्या भाषेत, उदाहरणे देऊन पटवावयाचे. स्त्रियांचे शिक्षण, विवाहाचे वय, विधवांचे प्रश्न, अर्थार्जन यांविषयी 'स्त्री'मध्ये चर्चा झाली आणि त्या चर्चेत स्वतः स्त्रियांनी लेखणी धरली. स्वयंपाकघरापलीकडचे जग मासिकाच्या रूपाने दर महिन्याला उंबऱ्याशी येऊ लागले.

सीमाभागातील वाचकाला या मासिकांविषयी वेगळी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. किर्लोस्करवाडीवरून जाणारा लोहमार्ग मिरजेवरून बेळगावास जातो. ज्या गावातून कारखाना उठला, त्या गावाशी वाडीचे नाते रुळांनी बांधलेलेच राहिले. निपाणीस लोहमार्ग नाही. तेथला व्यवहार पुणे-बंगळूर रस्त्यावरचा, पण टपाल तेथेही पोचतेच. बेळगावात बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्येच 'तरुण भारत' सुरू केला होता. १९४६ चे मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथेच झाला. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी, खानापूर हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. कचेरीचे कागद बदलले, पाट्यांवरची अक्षरे बदलली. अशा वेळी भाषा टिकते ती सभांतील घोषणांनी जेवढी, त्याहून अधिक घरात नियमाने वाचल्या जाणाऱ्या छापील पानांनी. मासिकाला राज्याची सीमा ओलांडण्यास कोणाचा परवाना लागत नाही.

या संस्थेचा मार्ग निष्कंटक मात्र नव्हता. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये जी जाळपोळ झाली, तिची झळ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही बसली. मासिकांचा संसार पुढे पुण्यास हलला. शंकररावांनंतर मुकुंदराव आणि शांताबाई किर्लोस्कर यांनी तो सांभाळला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. काकांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने लिहिणाऱ्या शंकररावांचे आत्मचरित्र 'शंवाकीय' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९७५ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

येथे एका कठीण प्रश्नाला तोंड द्यावे लागते. ज्या मासिकामागे एक उद्योग उभा असतो, ते मासिक कितपत स्वतंत्र असते? जोपर्यंत मालक आणि संपादक एकाच माणसात नांदत होते, तोपर्यंत हा प्रश्न फारसा बोचला नसावा. विचारासाठी नुकसान सोसावयाचे की नाही, हे तो एकच माणूस ठरवीत असे. परंतु पिढ्या बदलतात, कागद महागतो, वाचकांची आवड पालटते, घराघरांत दूरदर्शन येते. मग जमाखर्चाची वही बोलू लागते. मासिकाने समाजाला काय दिले याचा रकाना त्या वहीत नसतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक सर्वच मराठी मासिकांना ओहोटी लागली, आणि या तीन मासिकांचे वैभवही त्या ओहोटीत ओसरले.

परंतु बीज नष्ट झाले नाही. १९६४ पासून 'स्त्री'च्या संपादनात असलेल्या विद्या बाळ १९८३ मध्ये तिच्या संपादक झाल्या. १९८६ मध्ये त्या तेथून बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले. त्यामागे ना कारखाना होता, ना संस्थानिक. होते ते वर्गणीदार, आणि 'स्त्री'ने सहा दशकांत घडविलेली वाचणारी, लिहिणारी स्त्री. नांगराने नांगरलेल्या जमिनीत उगवलेले हे दुसरे पीक होय.

२०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे. किर्लोस्करवाडीच्या माळावरचा निवडुंग केव्हाच गेला आहे. लोखंडाने जमीन विषारी होते असे आता कोणी म्हणत नाही; किंबहुना असे कोणी म्हणत होते हेच नव्या पिढीला खरे वाटणार नाही. जी समजूत पूर्णपणे हरली, ती कोणी हरविली याची आठवणही तिच्याबरोबरच बुजते. म्हणूनच ती आठवण जागवावयाची. बेळगावच्या एका कारखान्यात न विकलेले नांगर पडून राहिले, तेव्हा त्यांच्या मालकाने लोकांना नावे ठेवली नाहीत. त्याने लोकांशी बोलण्याचे मनावर घेतले. त्या बोलण्याचेच पुढे मासिक झाले. नवा विचार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या दारात आजही असा एखादा नांगर पडून असतो. तो गंजू द्यावयाचा की शेतकऱ्याच्या बांधावर न्यावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.