क्ले विरुद्ध युनायटेड स्टेट्स (१९७१) : मुहम्मद अलींचा खटला

व्हिएतनाम युद्ध सुरू असताना मुहम्मद अली (आधीचे नाव कॅशियस क्ले) यांनी २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे लष्करात भरती व्हायला नकार दिला. आपला दीन याची परवानगी देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जूनमध्ये त्यांना ५ वर्षे कैद व १० हजार डॉलर दंड झाला. अपिलामुळे ते जामिनावर बाहेर राहिले, पण हेवीवेट किताब गेला आणि सुमारे साडेतीन वर्षे बॉक्सिंगही बंद पडले.

२८ जून १९७१ रोजी सुप्रीम कोर्टाने ८-० मतांनी ही शिक्षा रद्द केली. युद्ध बरोबर की चूक, हा कोर्टापुढचा प्रश्नच नव्हता. भरतीतून सूट मिळण्यासाठी तीन अटी होत्या : विरोध सर्वच युद्धांना हवा, तो धर्मश्रद्धेतून आलेला हवा आणि प्रामाणिक हवा. अली एकाही अटीत बसत नाहीत, असे न्याय खात्याने अपील बोर्डाला कळवले होते. बोर्डाने अर्ज फेटाळला. कारण मात्र दिले नाही. पुढे सुप्रीम कोर्टात सरकारनेच शेवटच्या दोन अटी अली पूर्ण करतात हे मान्य केले. मग बोर्डाने नेमक्या कोणत्या कारणाने नकार दिला? ते कळायला मार्गच नव्हता, म्हणून शिक्षा टिकली नाही.

थोडक्यात, नकारामागे चुकीचे कारण असू शकते, तर त्या नकाराच्या आधारावर माणसाला तुरुंगात टाकता येत नाही.