जुन्या वाद्याची किंमत कुणी वाढवली?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणानं मला दारातच गाठलं. "सर, जुन्या गिटारी घेऊन ठेवल्या तर चांगली गुंतवणूक होईल का?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पैशाचा सल्ला माझ्याकडे मागू नये. पण विचार करता हा प्रश्न इतिहासाचा निघाला, म्हणून आज तोच घेतो.

यावलच्या पोराला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. आपलं पीक केळीचं. घड कापला की थांबायला वेळ नसतो, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. म्हणून चार पैसे हाती आले की आपण न नासणारी वस्तू शोधतो आणि जळगावच्या सराफ बाजाराची वाट धरतो. गिटार ही त्या सोन्यासारखी आहे का, एवढंच बघायचंय.

अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीनं १९५८ ते १९६० या काळात 'लेस पॉल' गिटार तांबूस-पिवळ्या छटेत काढली. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. खप बेताचाच, सुमारे दीड हजार नग. १९६१ मध्ये कंपनीनं तिचा आकारच बदलून टाकला. म्हणजे कंपनीच्या लेखी तो न चाललेला माल! पुढे इंग्लंडात एरिक क्लॅप्टननं १९६६ च्या एका ध्वनिमुद्रिकेत तसली गिटार वाजवली, मग जिमी पेजनं. तो आवाज पोरांच्या कानात बसला. नवी मिळेना, म्हणून जुनीला भाव आला. आज तिला लाखो डॉलर मोजतात.

दुसरी गोष्ट फेंडरची. लिओ फेंडरनं १९६५ च्या जानेवारीत आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे दर्जा उतरला, असं वादक म्हणू लागले आणि विक्रीआधीच्या गिटारी शोधू लागले.

दोन्हीकडे क्रम बघा. आधी कारागीर, मग वादक, मग ऐकणारे. गुंतवणूकदार सगळ्यात शेवटी आला. तो आल्यावर भाव फुगले आणि २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घसरलेही.

ॲरिस्टॉटलनं 'राज्यशास्त्रा'त म्हटलंय की प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग असतात. जोडा पायात घालता येतो, आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही घेताही येतं. सोनं लॉकरमध्ये पडून राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. वाद्याचं तसं नाही. लाकूड हवेतल्या ओलाव्यानं फुगतं, आकसतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्या वाजवण्यामुळे किंमत आली, तेच कुलूपबंद होतं.

आता गिटार सोडा, आपला तंबोरा घ्या. मिरजेत १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणारं. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम आटलं, आणि तेच हात भोपळ्याकडे वळले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तेव्हा त्या गावाला कारागीर आणि गवई दोन्ही लाभले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण एक गोष्ट मला खुपते. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. चित्र किंवा मूर्ती पुन्हा दहा हजारांवर विकली गेली, तर कलावंताला त्यातला वाटा मागता येतो. वाद्य घडवणारा त्या यादीतच नाही. त्याचा तंबोरा उद्या कितीही महाग झाला तरी त्याच्या घरात एक रुपया यायचा नाही. त्याला मिळेल ती आजची मजुरी.

म्हणून त्या तरुणाला मी काय सांगितलं? घरात जुना तंबोरा असेल तर तो कुणी, कुठे, कधी घडवला हे सांगणारं माणूस आहे तोवर लिहून ठेव. हातात पैसे असतील तर मिरजेला जा, नवा घे, आणि घासाघीस करू नकोस. गिटारच हवी असेल तर खुशाल घे, पण वाजवायला घे. पुढे भाव आला तर आला. नाही आला, तर निदान घरात कुणीतरी सूर धरायला शिकलेलं असेल.

तो हसला आणि म्हणाला, "सर, मग सोनंच बरं." त्याचंही बरोबर आहे, मंडळी. ज्याला नुसतं ठेवायचंच आहे, त्यानं सोनंच घ्यावं. वाद्य अडकवून ठेवू नये.