कोस : हाकेचे माप

परभणी जिल्ह्यातील वालूर हे गाव बारवांचे. तेथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेपाशी उभे राहिले की जुन्या वाटसरूचा प्रश्न आपल्याही मनात येतो : आता पुढचे पाणी किती कोसांवर? आणि कोस म्हणजे तरी किती?

हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यावरून आला. क्रुश् म्हणजे ओरडणे. आपला ‘आक्रोश’ त्याच धातूचा. हाक जेथवर ऐकू जाईल तो क्रोश. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याच जातीच्या मापाला ‘गोरुत’, म्हणजे गाईचे हंबरणे, असे नाव आहे. पुढे गणिती आले. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. 1150) चार हातांचा दंड आणि दोन हजार दंडांचा क्रोश असे कोष्टक दिले. आठ हजार हात म्हणजे सुमारे सव्वादोन मैल. इतक्या लांबून कोणाची हाक ऐकू यावी? नाव तेवढे हाकेचे राहिले, माप काठीचे झाले, असे आम्हांस वाटते. अकबराचा कोस तर पाच हजार इलाही गजांचा!

हा शब्दांचा खेळ नव्हे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात राजा सांगतो की, आपण रस्त्यांवर माणसांना व गुरांना सावली देणारे वड लावले, ‘अढकोसिक्य’ अंतरावर विहिरी खोदविल्या. कोणी पंडित याचा अर्थ आठ कोस करतात, कोणी अर्धा कोस. लीलावतीचा कोस धरला तर आठ कोसांचे अठरा मैल होतात. तहानलेल्या बैलाला ते फार. पण अर्ध्या कोसावर विहीर म्हणजे राजाच्या खजिन्याला फार. त्याच वाक्यातील ‘निंसिढया’ या शब्दाचा अर्थ कोणी विश्रांतिगृहे करतात, कोणी पाण्यात उतरायच्या पायऱ्या. विश्रांतिगृहे धरली तर एका दिवसाच्या मजलेचा, म्हणजे आठ कोसांचाच, हिशेब आम्हांस पटतो. पायऱ्या धरल्या, तर मात्र वालूरच्या बारवेचे कूळ फार जुने निघते!

1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैलही गेला, किलोमीटर आला. कोस उरला तो ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ या म्हणीत. त्याचा मूळ अर्थ मात्र आजही आपल्या तोंडी आहे. शेजारच्या वस्तीचा पत्ता सांगताना आपण म्हणतोच, ‘हाकेच्या अंतरावर आहे.’