ओलेग खोरझान

४७. ओलेग खोरझान (१९७६–२०२३) : ट्रान्सनिस्ट्रियातील विरोधी राजकारणी, तेथील कम्युनिस्ट पक्षाचे नेते. नीस्टर नदीकाठच्या या चिंचोळ्या प्रदेशाने १९९० साली मोल्दोवापासून वेगळे झाल्याचे जाहीर केले. १९९२च्या युद्धानंतरही रशियन सैन्य तेथे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. ‘शेरीफ’ या उद्योगसमूहाच्या प्रभावाखालील विधिमंडळात खोरझान उघडपणे विरोध करत राहिले. जून २०१८मध्ये तिरास्पोलमधील निदर्शनानंतर त्यांना अटक झाली आणि पोलिसांवर बळ वापरल्याच्या आरोपावरून साडेचार वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. डिसेंबर २०२२मध्ये ते सुटले. जुलै २०२३मध्ये राहत्या घरी त्यांचा खून झाला.

मूळ मजकुरात त्यांचा उल्लेख ओझरता असला, तरी त्यामागचा प्रश्न मोठा आहे : ज्या राज्याला जग मानत नाही, तेथील कैद्याने दाद कोणाकडे मागायची? युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४च्या इलाश्कू खटल्यात ट्रान्सनिस्ट्रियातील कैद्यांच्या हक्कभंगासाठी मोल्दोवा आणि रशिया या दोघांनाही जबाबदार धरले. मान्यता नसलेल्या भूमीवरही माणसाचे हक्क शाबूत असतात, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले. खोरझान यांच्या वाट्याला मात्र त्याचे संरक्षण आले नाही. — संपा.