महागाई आणि मध्यवर्ती बँकांचे सोने

रिझर्व्ह बँकेचे देशातील सोने मुंबई व नागपूर येथील तिजोऱ्यांत असते. गोंदियापासून ते रेल्वेने काही तासांवरच. महागाई वाढली की मध्यवर्ती बँका सोने घेतात, ही समजूत मात्र अर्धीच खरी. १९९१ मध्ये भारतात महागाईचा दर दोन आकडी होता. तरीही परकीय चलन आटल्याने रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. धानाच्या रोवणीसाठी दागिने गहाण टाकणाऱ्या शेतकऱ्याला ही नड समजावून सांगायला नको.

महागाई आटोक्यात असताना, १९९९ ते २००२ या काळात, ब्रिटनने सुमारे ३९५ टन सोने विकले, तेही पडत्या भावात. व्याज न देणारा धातू कशाला सांभाळायचा, हा तेव्हाचा हिशेब. महागाई व्याजदराच्या वर गेली की डॉलरच्या रोख्यांतील गंगाजळी झिजते आणि हा हिशेब उलटतो. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईने चाळीस वर्षांचा उच्चांक गाठला. त्या वर्षी मध्यवर्ती बँकांनी हजार टनांहून अधिक सोने घेतले. रशियाची गंगाजळी गोठवली गेल्याची धास्तीही अर्थात त्यामागे होती. २०१७ मध्ये सुमारे ५५८ टन असलेला भारताचा साठा मार्च २०२५ अखेर सुमारे ८८० टनांवर गेला.