मोटारसायकलच्या हेडलाइटमधील विद्युतदोष व दुरुस्तीचे ज्ञान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा)

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोध आणि कारखाने यांच्या अंगाने लिहिला जातो. वापरात आलेले यंत्र बिघडल्यावर ते कोणी व कोणत्या रीतीने दुरुस्त केले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात मोटारसायकलच्या हेडलाइटमधील विद्युतदोष शोधण्याच्या पद्धतीत कालानुक्रमे कसा बदल होत गेला, याचा बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :
अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्याचे 'घाटाखालील' व 'घाटावरील' असे दोन भाग पडतात. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालील मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव येथून जातो. जलंब-खामगाव ही शाखा १८७० मध्ये सुरू झाली. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हे तालुके मात्र रेल्वेपासून वंचित राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ असून तिचा सुमारे चार पंचमांश भाग ग्रामीण आहे. अशा प्रदेशात शेवटची एस.टी. निघून गेल्यावर दुचाकी हेच प्रवासाचे साधन उरते. शिवाय कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे रात्री ओलितासाठी शेतावर जाणे शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडले. घाटाच्या वळणावर किंवा शेतरस्त्यावर हेडलाइट बंद पडणे ही म्हणूनच जिवावर बेतणारी बाब ठरते.

पहिला टप्पा : सहा व्होल्टचा काळ :
मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. वाहनांवर मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभीही कार्बाइडचे दिवे प्रचलित होते. १९१३ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने जनित्र, रेग्युलेटर व हेडलाइट यांची एकत्रित व्यवस्था बाजारात आणली. भारतात १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया आणि १९६१ मध्ये म्हैसूर येथे आयडियल जावा या कंपन्यांनी मोटारसायकलींचे उत्पादन सुरू केले. जावा गाड्यांत इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर सहा व्होल्टचा डायनॅमो असे व त्यावर बॅटरी चार्ज होई. याउलट पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेल्या 'लुना'मध्ये मॅग्नेटच्या कॉइलमधून निघालेली प्रत्यावर्ती वीज थेट दिव्याला मिळे.

या दोन रचनांतील दोषांचे स्वरूप भिन्न होते. डायनॅमोच्या गाडीत दिवा मंद झाल्यास कार्बन ब्रश, कटआउट व बॅटरी यांकडे लक्ष द्यावे लागे. थेट कॉइलवरील दिवा इंजिन मंदावताच मंद होई, आणि वेग वाढला की दाब वाढून बल्ब उडे. म्हणजे मंद प्रकाश हे एका रचनेत दोषाचे लक्षण होते, तर दुसरीत तो यंत्राचा स्वभाव होता. हा भेद ओळखणे ही कुशल मिस्त्रीची पहिली कसोटी होय.

सहा व्होल्टच्या व्यवस्थेतील खरी अडचण गणिताने स्पष्ट होते. २४ वॅटच्या बल्बला सहा व्होल्टवर ४ अँपिअर, तर बारा व्होल्टवर २ अँपिअर प्रवाह लागतो. गंजलेल्या जोडात पाव ओहम रोध निर्माण झाल्यास पहिल्या व्यवस्थेत सुमारे १ व्होल्ट, तर दुसरीत अर्धा व्होल्ट वाया जातो. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे साडेतीनव्या घाताने बदलत असल्याने पहिल्या स्थितीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो, तर दुसरीत सुमारे एक सप्तमांशाने घटतो. जुन्या गाडीची 'अर्थ' वायर खरवडून घट्ट बसविताच दिवा उजळतो, त्याचे शास्त्रीय कारण हेच आहे.

दुसरा टप्पा : बारा व्होल्ट व रेग्युलेटर :
१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि १९८६ मध्ये बजाजची कावासाकी केबी १०० बाजारात आली. जपानी सहकार्याच्या या काळात बारा व्होल्टची व्यवस्था, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि पुढे हॅलोजन बल्ब क्रमाने रूढ झाले. दोषशोधनाचा एक निश्चित क्रम याच काळात स्थिरावला. केवळ 'अप्पर' किंवा केवळ 'डिपर' बंद असल्यास बल्बचे फिलामेंट अथवा डिपर स्विच तपासावा. दोन्ही बंद असल्यास फ्यूज, होल्डर, अर्थ व वीजपुरवठा पाहावा. हँडल वळविताच दिवा लुकलुकत असल्यास हँडलच्या मुळाशी वाकून तुटलेली वायर शोधावी. बल्ब वारंवार उडत असल्यास रेग्युलेटर निकामी झाल्याचा संशय घ्यावा. यासाठी एक टेस्ट लॅम्प व मल्टिमीटर पुरेसा असे.

तिसरा टप्पा : सतत पेटता दिवा व एलईडी :
१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन सुरू होताच हेडलाइट आपोआप पेटण्याची व्यवस्था सक्तीची झाली. परिणामी दिवा बंद-चालू करण्याचा स्विच दोषांच्या यादीतून वगळला गेला आणि बिघाड दिवसाही लक्षात येऊ लागला. त्याच सुमारास एलईडी दिव्यांचा प्रसार झाला. हे दिवे कमी वीज घेतात व दीर्घकाळ टिकतात. मात्र त्यांतील इलेक्ट्रॉनिक परिपथ बहुधा बंदिस्त असल्याने बिघाड झाल्यास बल्बऐवजी संपूर्ण संच बदलावा लागतो. रस्त्याकडेला बल्ब बदलून गाडी मार्गी लावण्याची सोय त्यामुळे संपुष्टात येते. डिसेंबर २०२२ पासून जिल्ह्यातून वाहता झालेल्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. दुचाकीस्वाराचा रात्रीचा प्रवास जुन्याच रस्त्यांवरून होत राहिला आहे, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, हेडलाइटमधील दोषशोधनाची पद्धत प्रत्येक टप्प्यावर विजेच्या स्रोताने ठरविली. डायनॅमोच्या काळात कानाने व हाताने, रेग्युलेटरच्या काळात मोजमापाने दोष सापडत असे. एलईडीच्या काळात दोष सापडला तरी तो दूर करण्याचे सामर्थ्य गावातील दुरुस्तीकाराकडे उरतेच असे नाही. दिवा अधिक विश्वसनीय झाला, परंतु दुरुस्ती गावापासून दूर गेली. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी एलईडी परिपथांच्या दुरुस्तीचे शिक्षण द्यावे आणि महाविद्यालयांनी जुन्या मिस्त्रींचे अलिखित ज्ञान नोंदवून ठेवावे. तसे झाले नाही तर स्थानिक इतिहासातील एक महत्त्वाचा भाग नोंदीअभावी नष्ट होईल.