खाँसाहेबांचे मराठी

मिरजेला गेलो की ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कबरीपाशी मी घटकाभर उभा राहतो. उत्तरेत कैराण्याला जन्मलेले खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना वारले, आणि त्यांचे दफन झाले ते मिरजेत.

तीसच्या दशकात त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांत ‘प्रेमसेवा शरण’ आणि ‘चंद्रिका ही जणू’ ही मराठी नाट्यपदे आहेत. दोन्ही ‘मानापमान’मधली. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे; त्यांचे आणि खाँसाहेबांचे जन्मसाल एकच, १८७२. नाटक रंगभूमीवर आले १९११ साली, चाली गोविंदराव टेंबे यांच्या.

या पदांवरचे आक्षेप मी लहानपणापासून ऐकत आलो. नाटकाचे शौकीन म्हणत, यात धैर्यधर कुठे आहे? पात्र हरवले, प्रसंग हरवला. ख्यालाचे अभिमानी म्हणत, एवढ्या मोठ्या गवयाने नाटकाची पदे कशाला गावीत? जाणकारांचा सूर वेगळा होता. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराणी मांडली, तेव्हा किराणा स्वराच्या टोकाला गेले, आणि लयीचे अंग तिथे दुबळे ठरले.

चौथा आक्षेप मात्र मला लागला. साताऱ्यात कॉलेजला असताना एका निवृत्त शिक्षकांच्या घरी आम्ही ‘चंद्रिका’ ऐकत होतो. गाणे संपले. ते म्हणाले, “गळा ईश्वराचा, पण मराठी परक्याचे.”

मी काहीच बोललो नाही. ते म्हणत होते त्यात तथ्यही होते. कवी म्हणून मीही शब्दांकडे कान लावतो, आणि खाँसाहेबांच्या गाण्यात शब्द विरघळतात. जोडाक्षरे मऊ होतात, एखादा स्वर इतका लांबतो की ओळीचा अर्थ मागे राहतो.

पण ही पदे आली कुठून? ‘मानापमान’च्या चालींमागे पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा मोठा साठा होता. हिंदुस्थानी सुरावटींनी मराठी शब्दांचा अंगरखा घातला आणि त्या रंगभूमीवर मिरवल्या. खाँसाहेबांनी तीच पदे पुन्हा मैफलीत नेऊन बसवली. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत पात्र राहिले नाही, प्रसंग राहिला नाही. राहिली ती आर्जवाची एक लकेर. नाटकवाल्यांनी जे हरवले म्हटले, ते हरवल्यावाचून ही लकेर ऐकूच आली नसती. दोष आणि गुण इथे एकाच जागी आहेत.

आणि परके म्हणायचे कुणाला? त्यांच्या मुली, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे, मराठी घराघरांत पोहोचल्या. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारे सोडून तंबोरे घडवले. त्या तंबोऱ्यांवर अवघा देश सूर लावतो. तंबोऱ्याला कुणी मातृभाषा विचारत नाही.

काव्यवाचनानंतर आजही कुणी प्रेमाने म्हणते, “तुमचे मराठी फार चांगले आहे हो!” मी हसून आभार मानतो. घरी येऊन ‘प्रेमसेवा शरण’ लावतो. शब्द अजूनही थोडे पुसटच ऐकू येतात. पण ते माझ्या भाषेतले आहेत, आणि गाणाऱ्याच्याही.